पुरलेल्या कपड्यांचे मास्तर

९ डिसेंबर, मंगळवार. मी चालवते त्या शिवणकेंद्रामागे शोषखड्डा खणायचा होता. रंगाच्या हौदाचं पाणी उघड्यावर साचून डास झाले होते. मजूर मिळेनात. दिवाळी सरली की खोडाळ्याच्या आसपासच्या पाड्यांतली धडधाकट माणसं वीटभट्ट्यांवर निघून जातात, ती शिमग्यालाच परततात. शेवटी मी कुदळ घेतली आणि जानकीनं फावडं. जानकी आमच्या शिवणकेंद्रातली सगळ्यात जुनी शिवणारी.

तासाभरात गुडघाभर खड्डा झाला आणि फावड्याला काहीतरी अडकलं. मुळ्या असतील म्हणून जानकीनं ओढलं. मुळ्या नव्हत्या.

तो कुर्ता होता. खरं तर कुर्ता नव्हताच, कारण कापडाचा एक चौकोनसुद्धा उरला नव्हता. उरली होती ती नुसती शिवण. गळ्याचा गोल, दोन्ही खांदे, बाह्यांची टोकं, बाजूच्या लांब शिवणी, खालची दुमड. सगळं नुसत्या दोऱ्याचं, एकमेकांना धरून राहिलेलं. जानकीनं खांद्याच्या दोन टोकांना धरून वर उचललं, तर त्या कुर्त्यातून पलीकडचा नागलीचा माळ दिसत होता.

पन्नाशी उलटलेली बाई आहे मी. साप निघाला तरी आधी काठी शोधते आणि मग ओरडते. पण हे बघून मी हातातली कुदळ टाकून दिली.

जानकी म्हणाली, "ताई, हा आपलाच हाय. गळा मी शिवलेला."

"मला दिसतंय."

"मास्तरांनी पुरला असंल."

तेही मला दिसत होतं. या आवारात कपडे पुरणारा माणूस एकच होऊन गेला.

आत खोलीत एकशे वीस कुर्ते, शेवटचे काही सोडले तर, घड्या घालून, दोरीनं बांधून तयार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला जीप येऊन ते मुंबईच्या दुकानाकडे नेणार होती. प्रत्येक कुर्त्याला खाकी कागदाचा टॅग होता आणि त्यावर छापलं होतं: "हे वस्त्र वापरून झाल्यावर पूर्णपणे मातीत मिसळून जातं." त्या एका वाक्यावर ते दुकान आमच्याकडून कपडे घेतं, आणि त्या दुकानाच्या कामावर अकरा बायका भट्टीवर न जाता घरी राहतात. अकरांतली एक जानकी.

मास्तर पहिल्यांदा आले ते केंद्राच्या उद्घाटनाला. कुठल्याशा वस्त्र-संस्थेत मुलांना रंगाई आणि कापडाची पारख शिकवून निवृत्त झालेले, जव्हारला एक खोली भाड्यानं घेऊन राहिलेले. हाडकुळे, अंगात ठिगळावर ठिगळ लावलेला सदरा, खिशात आगपेटी आणि चिमटा. नैसर्गिक रंग शिकवायला म्हणून त्यांना बोलावलं होतं. मी त्या दिवशी माझी चांगली साडी नेसले होते, आकाशी, जरीचा काठ. मास्तर माझ्यासमोर उभे राहिले, नमस्कार केला, माझ्या पदराच्या टोकाचा एक दोरा चिमट्यानं उपसला आणि काडी ओढून तो पेटवला. पाहुण्यांच्या देखत.

दोऱ्याचं टोक वितळलं, काळा मणी झाला, घाण वास सुटला.

मास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही पेट्रोल नेसलात."

मला इतका धक्का बसला की राग यायला चहापर्यंत वेळ लागला. तोवर त्यांनी प्रमुख पाहुण्यांच्या बायकोची साडी गाठली होती.

ही त्यांची रोजची रीत होती. जव्हारहून जीपनं येताना शेजारचा माणूस खिशातली आगपेटी बघून विडीसाठी काडी मागायचा. मास्तर काडी द्यायचे आणि बदल्यात त्याच्या शर्टाचा एक दोरा मागायचे. जळताना कागदासारखा वास आणि मऊ राख म्हणजे कापूस. केस जळल्यासारखा वास म्हणजे रेशीम नाहीतर लोकर. मणी झाला म्हणजे पेट्रोल, खनिज तेलातून काढलेलं पॉलिएस्टर. जीपमध्ये वीस माणसं आणि मधे हा माणूस लोकांचे शर्ट जाळत बसलेला. एकदा ड्रायव्हरनं त्यांना मोरचोंडीच्या अलीकडे उतरवून दिलं. तिथून ते चालत आले आणि आल्या आल्या म्हणाले, "ड्रायव्हरचा शर्ट मात्र शुद्ध कापूस निघाला. भला माणूस आहे."

'पर्यावरणपूरक' हा शब्द त्यांना चालत नसे. आमच्या माहितीपत्रकात तो आठ वेळा होता. त्यांनी आठही वेळा खोडला. म्हणायचे, "कापडाला दोनच गोष्टी येतात. एक तर ते कुजतं, नाहीतर कुजत नाही. तेवढं लिहा."

आणि ते तपासायला ते कपडे पुरायचे. केंद्रामागची सगळी जागा त्यांनी त्यासाठी घेतली होती. वितीएवढे तुकडे, कधी अख्खे कपडे. प्रत्येकाबरोबर कौलाचा एक तुकडा, त्यावर खिळ्यानं कोरलेली तारीख आणि कापडाची जात. चार महिन्यांनी एक खड्डा उकरायचा, सहा महिन्यांनी दुसरा. आत काही उरलं नसलं की त्यांचा चेहरा उजळायचा. ओंजळभर काळी माती नाकाशी धरून म्हणायचे, "किती छान कुजलंय!" हे त्यांनी एकदा गिऱ्हाइकासमोर म्हटलं. त्या बाईंनी हातातला कुर्ता सावकाश खाली ठेवला. त्यानंतर मी मास्तरांना गिऱ्हाइकांशी बोलायची बंदी घातली. त्यांनी ती पाळली नाही.

मोखाड्याला एका कार्यक्रमात त्यांचा सत्कार झाला, शाल आणि नारळ. नारळ त्यांनी जानकीला दिला, शाल त्याच संध्याकाळी पुरली. मी म्हटलं, "अहो मास्तर, लोकांना कळलं तर काय वाटेल?" ते म्हणाले, "लोकांनी मला शाल दिली. आता ती काय आहे ते मला बघू दे." दोन पावसाळ्यांनंतर उकरली. लाल माती झटकली तर तशीच्या तशी, रंगसुद्धा उतरला नव्हता. बायका हसून लोळायच्या बाकी होत्या. जानकी म्हणाली, "मास्तर, धुऊनच निघाली. आता पांघरा!" मास्तरांनी ती वाळत घातली आणि तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मेलेल्या माणसाकडे बघावं तसे नव्हे. न मरणाऱ्याकडे बघावं तसे.

एकदा त्यांनी गूळ आणि गंजके फाळ मडक्यात घालून पंधरा दिवस आंबवत ठेवले, काळा रंग करायला. वास पाड्यापर्यंत गेला. पोलीस पाटील आले, झाकण काढून वाकले. मास्तर म्हणाले, "घ्या ना थोडं." आणि त्या भल्या माणसानं खरोखरच बोट बुडवून चाखलं. आठ दिवस त्यांची जीभ काळी होती. मास्तरांना वाईट वाटलं नाही. रंग पक्का बसल्याचंच त्यांना समाधान होतं.

मुंबईची एक मुलगी आली होती, कपड्यांचे नमुने काढणारी. चांगली मुलगी, मन लावून बोलत होती. बांबूचं कापड किती मऊ, किती निसर्गाचं, तुमच्याकडे तर सगळीकडे बांबूच आहे, तुम्हीच ते का करत नाही? समोर बसलेल्या बायकांपैकी निम्म्यांच्या घरी बांबूच्या कणग्या आणि सुपं होतात. मास्तर उठले, बाहेर गेले, हातभर लांब हिरवा बांबू आणि कोयता घेऊन आले आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"काढा यातून धागा."

मुलगी गोंधळली. जानकीला तिची दया आली. "बाय, याची टोपली होईल. चोळी कशी होईल?"

मग मास्तरांनी समजावून सांगितलं, शांतपणे. बांबूचा लगदा करतात, रसायनात विरघळवतात आणि बारीक भोकांतून त्याचे तंतू ओढतात. "ते कुजतं. मी पुरून बघितलंय, चांगलं कुजतं. पण रसायनाचं पाणी कुठे सोडलं ते विचारा. आणि बांबू मऊ असतो असं या बायकांना सांगू नका, त्यांच्या बोटांत शिळका जातात." मुलीनं वहीत सगळं लिहून घेतलं. जाताना तिनं स्वतःच्या ओढणीचा दोरा उपसून त्यांच्यापुढे धरला. मणी झाला. ती रडेल असं मला वाटलं, पण मास्तर म्हणाले, "विचारलंत. बहुतेक लोक विचारतच नाहीत."

असा हा माणूस. कोणाची भीड नाही, कोणाला सूट नाही. हे सगळं इतकं सांगितलं, कारण पुढचं त्याशिवाय समजणार नाही.

मास्तरांनी पहिल्या दिवसापासून एक अट घातली होती: शिवण सुती दोऱ्यानं. दोरा तेच मागवून द्यायचे. पायमशीन होत्या तोवर काही अडचण नव्हती. मग मोटरच्या मशीन आल्या आणि सुती दोरा दर वीतभर अंतरावर तुटायला लागला. सुई ओवा, शिवा, तुटला, परत ओवा. बायकांना नगावर मजुरी. सकाळी नागलीची भाकरी बांधून दोन डोंगर उतरून आलेल्या बाईचा दिवस दोरा ओवण्यात जायचा. दोघींनी भट्टीचं बोलणं सुरूही केलं होतं.

त्याच सुमारास मास्तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुतणीकडे गेले, दीड महिना. मी नाशिकहून पॉलिएस्टर दोऱ्याची रिळं आणली. कोणाला विचारलं नाही. मशीन घोड्यासारख्या पळायला लागल्या. भट्टीचं बोलणं थांबलं.

मास्तर परत आले. ते मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. त्या दोन दिवशी मशीनवर सुती रिळं चढायची, बाकीचे दिवस दुसरी. हे मी ठरवलं नव्हतं. बायकांनी आपणहून केलं आणि मी बघून न बघितल्यासारखं केलं. टॅगवरचं वाक्य तसंच राहिलं. कापड तर खरंच कुजतं, दोरा असा कितीसा, असं मी मनाशी म्हणायचे. दीड वर्ष हे चाललं. मग मास्तरांचे गुडघे गेले, ते कायमचे पुतणीकडे राहायला गेले, आणि गेल्या पावसाळ्यात वारल्याचा निरोप आला. त्यांना कळलं नाही, याचं मला त्या दिवशी बरंच वाटलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

आता तो दोऱ्याचा कुर्ता घमेल्यात पडला होता. जानकी खड्ड्यात उतरून हातानं माती चाचपत होती. तिला कौलाचा तुकडा सापडला. पदरानं पुसून तिनं माझ्या हातात दिला. चष्मा लावून मी वाचलं.

तारीख होती ते ऑपरेशनहून परतल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातली. खाली त्यांच्या टोकदार अक्षरात: "कापूस. रंग हिरडा. दोरा: बघू."

मी घमेल्यातून शिवणीचं टोक उचललं. गळ्यापाशी दोरा सुटला होता आणि त्याच्या टोकाला मोहरीएवढा काळा, कडक मणी होता. पुरण्याआधी त्यांनी तो जाळून बघितला होता.

म्हणजे पहिल्या आठवड्यातच त्यांना कळलं होतं. आणि नंतर दीड वर्ष ते दर मंगळवारी, दर शुक्रवारी आले, आमच्या सुती रिळांच्या नाटकासमोर बसले, चहा प्यायले आणि गेले. पाहुण्यांच्या बायकोला न सोडणारा माणूस. सत्काराची शाल पुरणारा माणूस. मला एक शब्द बोलला नाही.

शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. केंद्र सोडून गेले असते तरी समजलं असतं. हे काय करून ठेवलं होतं त्यांनी?

"जानकी," मी म्हटलं, "त्यांना माहीत होतं."

जानकी खड्ड्याच्या काठावर बसली. फावड्याची माती बोटानं काढत राहिली.

"मला ठाव व्हता," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"त्यांना कळला तो. ऑपरेशन करून आले ना, नवे डोळे. पहिल्याच दिवशी माझ्याजवळ येऊन बसले. माझ्या हातातला कुर्ता घेतला, दोरा काढला, जाळला. मी तं मेलेच. बोलले, जानकीबाय, सुती दोऱ्यानं दिवसाचे किती होतात? मी बोलले, तीन. बोलले, आणि ह्यानं? मी बोलले, सात." तिनं घमेल्याकडे बोट केलं. "मंग कायच बोलले नाय. तो कुर्ता घेऊन मागं गेले."

"आणि तू मला सांगितलं नाहीस? दीड वर्ष?"

"त्यांनीच सांगला व्हता, बाईंना बोलू नको. बाई लगेच सुती दोरा चढवतील. आणि मंग तुमी भट्टीवर जाल."

त्यांनी माझ्याविषयी असं काही गृहीत धरलं असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मी दोरा लपवत होते आणि ते समजत होते की मला नुसतं कळायचा अवकाश, मी लगेच सरळ करीन. मी त्यांना फसवलं यापेक्षा त्यांनी मला इतकं चांगलं समजावं, याचाच धक्का मोठा होता.

"आणि शेवटी जाताना?" मी विचारलं. "तेव्हाही काही बोलले नाहीत?"

"जाताना बोलले, जानकीबाय, ह्याचा काय करायचा ते मला नाय सुचला. तुमाला सुचला तं बघा." जानकीनं माझ्याकडे बघितलं. "मला बी नाय सुचला, ताई. मी तं नुसती शिवत राहिले."

आम्ही दोघी बसलो. खड्डा अर्धाच राहिला होता. आतून मशीनचा आवाज येत होता, शेवटच्या कुर्त्यांची काजं चालली होती.

मी म्हटलं, "उद्याचा माल असा कसा पाठवायचा?"

जानकी चटकन म्हणाली, "नाय पाठवला तं पुढचा काम कोण देईल? माझ्या सासूनं आताच बोलून ठेवलाय, काम थांबला तं वाडा तालुका गाठायचा, तिथं भट्टी हाय." मग खाली बघून, "मी तुमाला पाठवू नका असा नाय बोलत. पाठवा असा बी नाय बोलत. तुमी मोठ्या हात."

त्या रात्री मी जेवले आणि नीट झोपले. न झोपून काही होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच केंद्रावर गेले. साडेसातला दुकानाच्या बाईंना फोन लावला. त्या नुकत्या उठल्या असाव्यात.

"टॅगवरचं वाक्य खोटं आहे," मी सांगितलं. "कापड कुजतं. दोरा पॉलिएस्टरचा आहे, तो कुजत नाही. मी काल उकरून बघितलंय."

मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला काल कळलं?"

"नाही. मला पहिल्यापासून माहीत आहे. दोरा मीच आणला."

"आणि हे आज सांगताय? माल निघायच्या दिवशी?"

"हो."

"मी गिऱ्हाइकांना दोन वर्षं तेच वाक्य वाचून दाखवतेय हो," त्या म्हणाल्या. आवाज बसला होता, पण त्या ओरडल्या नाहीत. मग: "माल पाठवा. टॅग काढून पाठवा. पुढच्या ऑर्डरचं मी आत्ता काही सांगू शकत नाही."

"सुती दोरा लावला तर दिवसाचे सातचे तीन होतात," मी म्हटलं. "बायकांना ते परवडत नाही. म्हणून दोरा तोच राहणार. टॅग काढत नाही, त्याच्यावर खरं लिहून पाठवते. ठेवायचं की फाडायचं ते तुम्ही ठरवा."

त्यांनी फोन ठेवला.

आठला जीप आली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. "मॅडम, जल्दी, जव्हारची पॅसेंजर थांबलीय!" मी त्याला सांगितलं, ती सोडून ये, मग माल घे. तो कपाळावर हात मारून गेला.

अकरा जणींना बोलावून मी काय झालं ते उभ्यानंच सांगितलं. दोरा मी आणला, टॅगवरचं मी ठेवलं, आणि पुढचं काम येईल की नाही हे मला माहीत नाही, हेही सांगितलं. एकीनं नुसतं विचारलं, "मंग आता काय लिहायचा?"

मी एक गठ्ठा सोडला, पहिला टॅग उलटा केला आणि बॉलपेननं लिहिलं: "कापड मातीत जातं. शिवणीचा दोरा जात नाही. पुरण्याआधी उसवून घ्या." आणि पुढच्या बाजूचं छापील वाक्य आडवी रेघ मारून खोडलं.

जानकीनं तो टॅग घेतला, अक्षर अक्षर लावून वाचला. मग माझ्या हातातलं पेन काढून घेऊन तिनं दुसरा लिहायला घेतला. ज्यांना लिहिता येत होतं त्या पाच जणी लिहायला बसल्या, बाकीच्या टॅग उलटे करून, रेघ मारून पुढे सरकवत होत्या. साडेदहाला एकशे वीस झाले. जीप आली तेव्हा गठ्ठे मी स्वतः टपावर चढवले.